विधवेच्या दोन टोल्या आणि वेदीपुढचा ग्रॅनाइट

पत्र: आदरणीय बाई, सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय 36. तीन वर्षांपासून आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार आहे. गेल्या पावसाळ्यात मंडळीतल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घराची मागची भिंत पडली, पत्रे खाली आले. त्यांनी 15,000 रुपयांची मदत मागितली. कमिटी म्हणाली, बांधकाम निधीला हात लावता येत नाही. त्याच बैठकीत वेदीपुढच्या ग्रॅनाइटसाठी 1,80,000 रुपये मंजूर झाले. चेकवर सही माझी आहे. त्या बाई दर रविवारी पाकिटात 20 रुपये घालून टाकतात, आणि ते पाकीट मीच फोडते. माझे पती म्हणतात, गावाबाहेर नवी फेलोशिप सुरू झाली आहे, तिकडे जाऊ. भाऊ म्हणतो, खरा येशू चर्चमध्ये उरलाच नाही, प्रेषित पौलाने आणि रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने सगळं बदलून टाकलं. सासूबाई टीव्हीवरच्या एका प्रचारकाला ‘विश्वासाचं बी’ म्हणून पेन्शनमधले पैसे पाठवतात. बाई, आजचा ख्रिस्ती धर्म प्रभूच्या शिकवणीपासून भरकटला आहे का? आणि मी राजीनामा देऊन मंडळी सोडावी का?

प्रिय मुली,

तुला सलाम. तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी सांगते, मग बोलू. पहिल्याचं उत्तर: हो, जागोजागी भरकटला आहे, आणि हे आजचं नाही. दुसऱ्याचं: आत्ता सोडू नकोस.

आता तुझं बायबल काढ आणि मार्काचं शुभवर्तमान उघड. बारावा अध्याय, शेवटचा भाग. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. माझे वडील पाळक होते. दानाच्या रविवारी ते हाच उतारा घेत, आणि तो वाचून झाला की दानपिशवी फिरायची. श्रीमंतांनी आपल्या भरपुरीतून टाकलं, हिने आपल्या कमताईतून, होती नव्हती ती उपजीविका टाकली. म्हणून तुम्हीही मोकळ्या हाताने द्या, असा अर्थ मी चाळीस वर्षं धरून होते.

मग शाळेतून निवृत्त झाल्यावर एकदा मी मार्क सलग वाचला, अध्यायांचे आकडे न बघता. हे आकडे मूळ लेखकाचे नाहीतच, ते तेराव्या शतकात घातले गेले. सलग वाचलं तेव्हा दिसलं की त्या विधवेच्या लगेच आधी प्रभू शास्त्र्यांविषयी काय म्हणतो आहे. लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात मुख्य आसनं धरणारे, लांबलचक प्रार्थना करणारे, आणि ‘विधवांची घरे गिळंकृत करणारे’. विधवांची घरे, मुली! त्यानंतर तो दानपेटीसमोर बसतो आणि एक विधवा येऊन आपल्याजवळची शेवटची दोन नाणी मंदिरात टाकताना बघतो. मग ते मंदिराबाहेर पडतात, आणि तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत एक शिष्य भारावून म्हणतो, गुरुजी, केवढे हे चिरे, केवढ्या ह्या इमारती! प्रभू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

विधवेचं घर, विधवेचं दान, आणि वर देखणा दगड. तुझ्या पत्रात या तिन्ही गोष्टी आहेत. त्या बाईचं प्रभूला कौतुक होतं, यात मला शंका नाही. पण त्याच्या आवाजात मला आता दुःखही ऐकू येतं. जिला मंदिराने सांभाळायचं, तीच मंदिराला सांभाळत होती. तू दर रविवारी जे पाकीट फोडतेस, त्याच्यापुढे तू बरोबर त्याच जागी बसलेली आहेस जिथे तो बसला होता. म्हणून तुला झोप लागत नाही. ती अस्वस्थता घालवायला बघू नकोस.

आणखी एक शब्द तुला देते, कमिटीच्या उत्तरासाठी. मार्काच्याच सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ आहे. देवाला वाहिलेलं. माणूस आईबापांना म्हणतो, तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते मी देवाला अर्पण केलंय, आता त्याला हात लावता येत नाही. आणि प्रभू हे शिकवणाऱ्या शास्त्र्यांना म्हणतो की तुमच्या या रिवाजाने तुम्ही देवाचं वचन रद्द केलंत.

पण थांब, इथे मला कमिटीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. बांधकामासाठी म्हणून लोकांनी दिलेला पैसा खजिनदाराने दुसरीकडे वळवणं कायद्यातही बसत नाही आणि विश्वासातही. ज्याने ग्रॅनाइटसाठी दिले त्याचे ग्रॅनाइटलाच लागले पाहिजेत. चूक त्या बैठकीत झाली नाही. चूक आधीच झाली, जेव्हा मंडळीने बांधकामाचा निधी काढला आणि गोरगरिबांचा काढलाच नाही. तुमच्या हिशेबाच्या वहीत ‘विधवा व गरजू’ असं पानच नसेल, तर त्या बाईंना द्यायचे कुठल्या खात्यातून? मला वाटतं तुझं काम या पानापासून सुरू होतं. त्याकडे नंतर येते.

तुझ्या भावाचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. तो मनापासून शोधतो आहे. पण त्याच्या गोष्टीत एक सोनेरी काळ आहे, जेव्हा सगळे ख्रिस्ती प्रभूसारखे होते, आणि मग कोणीतरी येऊन सगळं बिघडवलं. असा काळ मला नव्या करारात सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये काढून बघ. दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात सगळ्यांचं सगळं समाईक. पाचव्यातच हनन्या आणि सप्पीरा जमिनीच्या किमतीतले पैसे लपवतात. सहाव्यात तंटा उभा राहतो, आणि तो कशावरून? रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते म्हणून! तेव्हा प्रेषित स्वतः हयात होते, यरुशलेमेतच होते. तिथेही विधवेला ताट मिळत नव्हतं. पण तेव्हा त्यांनी काय केलं तेही वाच. तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. या एकाच कामासाठी सात माणसं नेमली.

आणि पौल? त्याची पत्रं आपल्या चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. साधारण इसवी सन 55 च्या सुमारास तो करिंथच्या मंडळीला लिहितो, तुमचं प्रभुभोजन हे प्रभुभोजनच नव्हे, कारण एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत, मजूर माणूस कामावरून येईपर्यंत काही उरलेलं नसे. इतक्या कडक शब्दांत आपल्याकडच्या किती पाळकांनी मंडळीला खडसावलं आहे? गरिबांसाठी वर्गणी गोळा करत तो गावोगाव हिंडला. करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की ही रक्कम पोचवताना बरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं आहेत, म्हणजे कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे चांगलं ते आम्ही जपतो. तू खजिनदार आहेस, हा उतारा लिहून तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटव. पौलाच्या काही गोष्टींशी माझंही भांडण आहे, स्त्रियांनी मंडळीत गप्प बसण्याविषयीच्या ओळी वाचताना आजही गळा दाटतो. पण प्रभूची शिकवण त्याने बुडवली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

कॉन्स्टंटाइनचं मात्र तुझ्या भावाने धरलंय त्यात तथ्य आहे. 313 सालापर्यंत ख्रिस्ती माणूस छळ सोसणारा होता. त्या साली कॉन्स्टंटाइनच्या राज्यात त्याला मोकळीक मिळाली, आणि 380 साली बादशहा थिओडोसियसने हाच धर्म साम्राज्याचा धर्म केला. ज्या क्रूसावर रोमच्या राज्याने प्रभूला मारलं, तो क्रूस त्याच राज्याच्या सैन्याची निशाणी झाला. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ म्हणणाऱ्याच्या नावाने पुढे 1099 साली यरुशलेमेत कत्तल झाली. आणि आपल्या अगदी दाराशी, गोव्यात, 1560 ते 1812 पर्यंत, मध्ये काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. माणसाच्या घरातल्या सणावारावरून, खाण्यापिण्यावरून त्याला कोठडीत टाकलं गेलं. ते पोर्तुगीज होते, आम्ही प्रॉटेस्टंट, आमचा काय संबंध, असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. ज्याच्या नावाने ते झालं त्याचंच नाव मी रोज घेते.

तरीही सत्ता हातात आल्यावर सगळंच बुडालं असंही नाही. त्याच चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याची पात्रं वितळवली. त्यावरून त्याला बोल लागले, आणि त्याने उत्तर दिलं की सोनं राखण्यापेक्षा माणसं राखणं बरं. 362 च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक असलेला बादशहा ज्युलियन आपल्या पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही गरिबांना पोसतात. वैऱ्याने दिलेली साक्ष मला नेहमी जास्त खरी वाटते.

भरकटण्याची वाट कशी असते हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात. तिथल्या केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1829 साली ठराव केला की प्रभुभोजन रंग आणि कूळ न बघता सगळ्यांना एकत्र मिळेल. अगदी प्रभूच्या मनासारखं. पण काही गोऱ्या सभासदांना काळ्या माणसाशेजारी बसून त्याच प्याल्यातून पिणं नको वाटत होतं. 1857 च्या सिनोडने, म्हणजे चर्चच्या महासभेने, म्हटलं, एकत्र उपासना हीच वचनाला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालेल. तत्त्व शाबूत ठेवलं आणि बाजूला एक छोटी सवलत दिली. 1881 मध्ये वेगळं चर्चच उभं राहिलं. 1948 साली वर्णभेदाचं राज्य आलं, तेव्हा वेगळेपण देवाच्याच मनात आहे असं सांगायला चर्चचे धर्मपंडित तयार होते. आणि या पापाला शेवटी नाव कोणी दिलं? ज्यांना 1881 मध्ये बाजूला काढलं होतं, त्याच चर्चने 1986 साली ‘बेल्हारचा विश्वासाचा अंगीकार’ ही विश्वासाची जाहीर घोषणा स्वीकारली आणि वर्णभेदाला धरून चालणारी शिकवण नाकारली. त्यांनी येशूला सोडलं नाही. त्यांनी त्यालाच धरून चर्चला जाब विचारला.

मुली, ही गोष्ट मी लांबवली कारण ती आपलीही आहे. आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजन एकत्र होतं, याचा मला अभिमान आहे. आपल्या पूर्वजांना गावकुसाच्या आत पाणी मिळत नव्हतं आणि या मेजाभोवती त्यांना जागा मिळाली. पण लग्न ठरवताना ‘मूळ कुठले?’ हा प्रश्न येतोच ना? मूळ गाव विचारायचं, आणि कळून घ्यायचं वेगळंच. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या पुतणीच्या वेळी, हा प्रश्न विचारला गेला आणि मी गप्प बसले. तुझ्या पत्रात हे नव्हतं, तरी लिहिलं. ग्रॅनाइट डोळ्यांना दिसतो, हे दिसत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत फार लिहीत नाही. ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ ही शिकवण विसाव्या शतकातल्या अमेरिकेतून आली आहे, गालीलातून नव्हे. ज्याला डोकं टेकायला जागा नव्हती, त्याच्या नावावर म्हाताऱ्या माणसांची पेन्शन मागणं हे सरळ चूक आहे. पण त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्या एकट्या असतील, टीव्हीवरचा माणूस त्यांच्यासाठी प्रार्थना करतो असं त्यांना वाटतं. तू संध्याकाळी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसून प्रार्थना कर. पैसे थांबायचे असले तर तसेच थांबतील.

आता सोडण्याबद्दल. आपल्याच दोन माणसांकडे बघ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. नवीनच ख्रिस्ती झालेली, परक्या देशात, मठातल्या भगिनींच्या आधाराने राहणारी विधवा. तरी तिने त्यांना पत्रांतून ठणकावलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता त्याजागी दुसरं घेणार नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर तिने विचारलं की लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही. तिला कृतघ्न म्हटलं गेलं, गर्विष्ठ म्हटलं गेलं. तिने ख्रिस्ताला सोडलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिने उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली, कारण केडगावच्या मुलींना ते कळेल अशा भाषेत हवं होतं.

आणि टिळक. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. तो वाचत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको, नातेवाईक, समाज, सगळं पणाला लागलं. पुढे वीसएक वर्षं मिशनमध्ये काम केल्यावर त्यांना वाटू लागलं की प्रभूभोवती परदेशी कुंपण पडलंय. तेव्हा 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, प्रभूला मानणारे सगळे बसणार होते. 1919 साली ते गेले, काम अर्धंच राहिलं.

म्हणजे टिळकांनी सोडलं, आणि त्यांनी सोडलं ते मला योग्यच वाटतं. पण रागाच्या भरात शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसण्यासाठी त्यांनी सोडलं नव्हतं. ते दार मोठं करायला बाहेर पडले. तुझे पती म्हणतात त्या फेलोशिपमध्ये आज ग्रॅनाइट नसेल, कारण ती नवीन आहे. तिथे हिशेब कोण ठेवतं, सभासदांना वाचून दाखवतात का, पास्टरला ‘नाही’ म्हणणारं कोणी आहे का, एवढं विचारून ये. उत्तर चांगलं मिळालं तर मला कळव, मला आनंद होईल. पण तू गेलीस तर त्या बाईंचं पाकीट कोण फोडणार? ज्याला त्या 20 रुपयांचं काही वाटत नाही, असा कोणीतरी.

म्हणून असं कर. कमिटीच्या पुढच्या बैठकीत ग्रॅनाइटचा विषय काढू नकोस, तो झाला. एकच ठराव मांड: रविवारच्या सर्वसाधारण दानातला दहावा हिस्सा ‘विधवा व गरजू निधी’ म्हणून वेगळा ठेवावा, तीन जणांनी तो वाटावा, त्यांत किमान दोन बाया असाव्यात. दशांश आपण सभासदांकडून मागतो, मंडळीने स्वतःही तो द्यावा. अनुमोदक आधी गाठून ठेव, बैठकीत शोधू नकोस. महिला मंडळातल्या दोघी-तिघींशी बोल. पाळकसाहेबांना आधी एकटं भेट आणि मार्क बारा आणि तेरा त्यांच्यासमोर सलग वाच. त्यांना कोंडीत पकडायचं म्हणून नको, त्यांच्याबरोबर वाच. कितीतरी पाळकांना कमिटीपुढे हेच बोलायचं असतं आणि बोलता येत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

वार्षिक सभेत जमाखर्च वाचताना ‘किरकोळ खर्च’ असं मोघम म्हणू नकोस. बांधकामाला इतके, विजेला इतके, गरजूंना शून्य, असं वाच. तो शून्य मोठ्याने वाच. आवाज चढवू नकोस, टोमणा मारू नकोस, फक्त थांबून वाच.

ठराव पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांड. दोनदा पडला, आणि हिशेब उघड वाचायलाही तुला मनाई झाली, तर राजीनामा लेखी दे, कारण लिहून दे, आणि मग जिथे जायचं तिथे मोकळ्या मनाने जा. तेव्हा मी तुला थांबवणार नाही.

आणि त्या बाईंच्या घराला कमिटीची वाट बघायची गरज नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, आपल्याकडे लिलाव होतो ना? एक लिंबू दोन-दोन हजारांना जातं, कोणी बोली मागे घेत नाही. ही माणसं कंजूष नाहीत, त्यांना कोणी पत्रे मागितले नाहीत एवढंच. या रविवारी उपासना सुटल्यावर तू आणि तुझे पती त्या बाईंच्या घरी जा. टेप घेऊन जा, भिंत किती फूट पडली आहे, पत्रे किती लागतील ते मोजा. मग लिलावात बोली लावणाऱ्या पाच घरांत जाऊन प्रत्येकी अमुक पत्रे असं मागा. पैसे हातात घेऊ नका, दुकानात परस्पर द्यायला सांगा, पावती त्या बाईंच्या नावाची करा. गवंडीकाम करणारा कोणीतरी मंडळीत असेलच, त्याला एक दिवस माग. तुझ्या भावालाही बरोबर ने. खरा येशू चर्चमध्ये नाही असं तो म्हणतो, तर त्या भिंतीपाशी दोघं मिळून शोधा. मे संपायच्या आत छप्पर व्हायला हवं.

तुझी,
बाई